नावशी

— नाही हो, रागावले कुठे? पाच मिनिटं उशीर झाला, त्यात काय एवढं. हा चेहराच असा आहे माझा, जन्मापासून. अहो, माफी कसली मागताय, सगळेच फसतात. या, त्या पाटावर उभ्या राहा — सावकाश — माझ्या खांद्यावर हात ठेवा, ठेवा की, मोडत नाही मी. हं. आता सरळ समोर बघा. कळतंय ना माझं बोलणं? सुरुवातीला जरा जड जातं लोकांना. ओठ मिटत नाहीत माझे, त्यामुळे प, फ, ब, भ, म ही सगळी मंडळी माझ्या तोंडातून वेषांतर करून बाहेर पडतात. मी ‘बाई’ म्हटलं की समोरच्याला ‘दाई’ ऐकू येतं. तुमच्या बाबतीत तेही चालून जाईल म्हणा! — हसलात, बरं झालं. दोन-चार वाक्यांत कान बसतो. कितवा, सहावा ना? मग नुसतं कमरेत सोडून भागायचं नाही, छातीखालपासून सोडावं लागेल. कापड आहे आत, ज्याने शिवलाय त्याने मन मोठं ठेवलंय. नवव्या महिन्यापर्यंत ऑफिसला घालाल हा ड्रेस.

हात जरा वर. तुम्हाला अगं-तुगं केलं तर चालेल? माझ्या भाचीपेक्षा चार वर्षांनी मोठी असशील फार तर. — मग झालं तर. बाकीचे शिंपी टाचण्या ओठांत धरतात, बघितलं असशील, तोंडात दहा-बारा टाचण्या आणि वर बोलतातही. मला ते जमलंच नाही. ओठांतून सांडायच्या. म्हणून मनगटावर ही गादी. जिच्याकडे शिकले ती बाई पहिल्याच दिवशी म्हणाली होती, टाचणी धरता येत नाही तर शिवणार काय कपाळ! पुढे तिचीच गिऱ्हाइकं माझ्याकडे यायला लागली, ते सोड.

चेहऱ्याच्या नसाच नाहीत गं मला. म्हणजे असतील, पण झोपलेल्या. लहानपणी डॉक्टरांनी लांबलचक नाव सांगितलं, आईने ते चिठ्ठीवर लिहून घेतलं आणि चिठ्ठी बटणांच्या डब्यात ठेवली. मला कितीतरी वर्षं वाटायचं, दुखणं त्या डब्यात आहे, डबा हरवला की बरं वाटेल. हसू नाही, आठी नाही, ओठ काढणं नाही. डोळेही बाजूला वळत नाहीत, म्हणून मी अशी अख्खी मान वळवून बघते. आणि लोकांचे दोनच गट — एकाला वाटतं मी मंद आहे, दुसऱ्याला वाटतं मी संत आहे. ‘किती शांत असता हो तुम्ही!’ अगं, कसली शांत, आत कढई उकळत असते! पण बाहेर वाफच येत नाही त्याला काय करणार. — हसते की, हसते ना. आत्ता हसले. दिसलं? नाही दिसणार. घशात असतं ते, खालीच राहतं. जरा गुरगुर होते, कान देऊन ऐकावं लागतं.

आईला ऐकू यायचं. आई काय करायची माहितीये — सांगत सुटायची. बसमध्ये, शाळेत, दुकानात, कुणी माझ्याकडे बघितलं की लगेच, ‘हसतेय हं ती.’ ‘आवडलंय बरं का तिला.’ ‘आता जरा रुसलीये.’ माझा चेहरा म्हणजे आईची जीभ. कधीकधी चुकायचीसुद्धा. मी संतापाने फणफणलेली आणि ही सांगतेय, ‘खुशीत आहे आज स्वारी.’ मी खोडून काढायचे नाही. कुणीतरी आपल्याबद्दल सांगतंय, आपल्याला काहीतरी होतं यावर कुणाचा तरी विश्वास आहे — एवढं पुरे व्हायचं.

आई गेली तेव्हा मी अठ्ठावीसची. रडत होते मी. ढसाढसा. पण माझे डोळे एरवीही गळतात गं, पापण्या पुरत्या मिटत नाहीत ना, दिवसातून चारदा थेंब घालते मी, बघ ती बाटली तिथे. तर एक काकू दुसरीला सांगत होती, मला ऐकू येईल अशा बेताने — ‘ते पाणी नेहमीचंच आहे तिचं, त्याचं काही नाही. बाकी चेहऱ्यावर सुरकुती तरी हललीये का बघ. आई गेलीये हिची!’ आणि मी तिथे उभी. मला वाटलं आता आई उठेल आणि म्हणेल, ‘रडतेय हो ती, आतून फुटलीये.’ सवय झाली होती ना. आई काही उठली नाही.

वळ जरा. इकडे, खिडकीकडे. हं.

मग राहिली धाकटी. माझी बहीण. माझ्याहून तीन वर्षांनी लहान, एका पांघरुणात वाढलो आम्ही. तिला माझं सगळं कळायचं — खांदे कसे आहेत, भांडं कसं ठेवलं, श्वास कुठे अडला. मी नुसती पाठमोरी असले तरी विचारायची, ‘कशाला फुरंगटलीस?’ नर्स झाली ती. लग्न झालं, मुलगी झाली, तीन महिन्यांनी पुन्हा हजर व्हायला लागलं तिला. सकाळी सहाला मुलगी माझ्याकडे टाकायची आणि ड्यूटीवर जायची. सासूबाई होत्या घरात, पण त्यांचे गुडघे. शिवाय धाकटीला माझ्याचकडे ठेवायचं होतं. म्हणाली, ‘तुझ्याकडे असली की मला घोर नाही.’ असं म्हणाली होती, हं. हे मी विसरलेले नाही.

तिथे, त्या कपाटाच्या जागी पाळणा होता. मशीन चाललं की ती झोपायची, थांबलं की उठायची. मी तिच्याशी दिवसभर बोलायचे. हसायचं झालं तर तिचा तळवा माझ्या गळ्यावर ठेवायचे, गुरगुर लागली की तीही खुदखुदायची. लहान मुलाला काय गं, कुठेही हसू दाखव, त्याला सापडतं. अकराव्या महिन्यात बोलली. पहिला शब्द. मी रोज सांगायचे ना, ‘ये, मावशीकडे ये’ — पण माझ्या तोंडून ‘मावशी’ निघते कुठे, म चा न होतो, ‘नावशी’ निघते. तर ही बया पाळण्याचा कठडा धरून उभी राहिली आणि मला म्हणाली, ‘नावशी.’ स्वच्छ. तिला नीट म म्हणता येत होता, मम्म म्हणायची पाणी हवं असलं की. पण मी नावशी. मी कापत होते ती बाही चुकली त्या दिवशी. दोन डाव्या बाह्या कापल्या मी.

तेराव्या महिन्यात नेली तिला.

असं झालं की ती बाहेरच्या लोकांकडे बघून हसायची नाही. शेजारीण आली, पाहुणे आले, कुणी टाळ्या वाजवल्या, चुटक्या वाजवल्या — ही नुसती बघायची, टकामका. सासूबाई म्हणाल्या, ‘दिवसभर दगडासमोर बसलेलं पोर, ते कशाला हसेल?’ मग डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टर चांगले होते, शांतपणे म्हणाले, मूल चेहऱ्यावरून शिकतं, तिला जरा वेगवेगळे चेहरे बघू द्या. तर त्यावरून. धाकटीने पाळणाघर शोधलं, मग बदलीच करून घेतली दुसऱ्या गावी. झालं.

काय? — एवढ्यावरून? हं. सगळे इथपर्यंत ऐकतात आणि ‘अरेरे’ म्हणतात, डॉक्टरला नावं ठेवतात, सासूला ठेवतात. मीही ठेवू देते. तूच पहिली विचारणारी. — थांब, ही टाचणी टोचेल, पोट आत घेऊ नकोस, राहू दे तसंच. — एवढ्यावरून नाही. धाकटी त्या डॉक्टरांकडून आली तेव्हा इथे बसून चहा घेतला तिने. हात धरला माझा. म्हणाली, ‘दिवसातून दोन तास पाळणाघरात पाठवू, बाकी तुझ्याकडेच. तू मनाला लावून घेऊ नकोस.’ असं ठरलं होतं आमचं. पण मी लावून घेतलं ना. चेहराच हवाय ना पोरीला, म्हटलं, देऊ या चेहरा. दुसऱ्या दिवशी ती झोपली होती तेव्हा मी आरशासमोर बसले आणि पार्सलाची ती चिकटपट्टी असते ना, ती घेतली. ओठांचा एक कोपरा वर ओढला, पट्टी गालावरून कानापर्यंत. मग दुसरा. मग भुवया. दहा-बारा पट्ट्या लागल्या. आरशात बघितलं तर — म्हणजे मला वाटलं, जमलं. खरंच वाटलं गं. छत्तीस वर्षांत पहिल्यांदा मी स्वतःला हसताना बघत होते. आईला दाखवावंसं वाटलं मला. आणि तशीच पाळण्यावर वाकले आणि तिला उठवलं.

ती माझ्या चेहऱ्याला कधीही घाबरली नव्हती. एकदाही नाही. दहा महिने तिने रोज तोच चेहरा पाहिला होता, तोच तिला मावशी होता. त्या दिवशी ती माझ्या हसण्याला घाबरली. आधी तिचा खालचा ओठ थरथरला, मग ती अशी ओरडली — अशी ओरडली की तिचा श्वासच परत येईना. निळी पडायला लागली. मी म्हणतेय, नावशी आहे, नावशी, पण पट्ट्यांमुळे तोही शब्द फुटेना, नुसते हुंकार निघतायत — आणि ती आणखी मागे सरकतेय, पाळण्याच्या कोपऱ्यात. आणि दारात धाकटी. ड्यूटी लवकर सुटली होती तिची.

‘काय करतेयस तू तिला? काय करतेयस?’ एवढंच म्हणाली. मी पट्ट्या ओढल्या, गालाची साल निघाली इथे, अजून डाग आहे बघ, उजेडात दिसेल. तिने पोरीला उचललं, पाठीवर थापटलं, श्वास आला पोरीला. आणि मग धाकटीने माझ्याकडे बघितलं. मला वाटत होतं तिला कळेल. हिला तर सगळं कळतं. माझ्या गालातून रक्त येतंय, मी भिंतीला टेकून उभी आहे, आत माझं जे काय चाललंय ते चाललंय, आणि ती बघतेय, बघतेय, माझ्या तोंडावर शोधतेय. आणि म्हणाली, ‘तुला काहीच वाटत नाही का गं?’

काकू म्हणाली असती तर मी सोसलं असतं. जगात एकच माणूस उरलं होतं माझा चेहरा वाचता येणारं. तिनेच विचारलं.  मी पाळण्यातलं दुपटं घडी करायला घेतलं. त्याचाही अर्थ तिने लावलाच असेल.

बस थोडा वेळ, बस. पाय सुजलेत तुझे. स्टूल घे ते. खालची दुमड बसूनही आखता येते मला.

नऊ वर्षं दर वाढदिवसाला फ्रॉक शिवून पाठवला मी. माप कुठलं? अंदाज. बसमध्ये पाच वर्षांची मुलगी दिसली की तिची उंची डोळ्यांनी मोजायची. लोकांना वाटत असेल ही बाई आमच्या पोरीकडे अशी काय रोखून बघतेय. धाकटीचा फोन यायचा, ‘पोचला.’ बसला का, सैल झाला का, आवडला का — काही नाही. पोचला. मग एका वर्षी म्हणाली, ‘आता ती फ्रॉक घालत नाही गं.’ बरोबरच होतं, मोठी झाली होती पोर. मी म्हटलं बरं. ते कापड अजून आहे वर, पिवळं, बारीक चौकड्यांचं.

आणि दोन महिन्यांपूर्वी, दुपारी, इथे, तू आलीस त्याच दारातून एक मुलगी आली. हातावर कोट. म्हणाली, ‘खांद्यात घट्ट होतोय, सैल होईल का?’ मी मान वर केली आणि मला कळलं. चालच धाकटीची गं, डावा पाय जरा बाहेर टाकायची. तिला वाटत होतं मला कळलेलं नाही. मी टेप घेतली.  खांदा मोजला. बाही मोजली. पाठ मोजली. वीस वर्षं मी ज्या मापांचा अंदाज करत होते ती मापं माझ्या बोटांखाली होती, श्वास घेत होती, आणि मी खडूने कोटावर खुणा करत होते. साबणाचा वास येत होता तिच्या केसांना. मग ती वळली. माझ्याकडे तोंड करून उभी राहिली. आणि हळूच, प्रश्न विचारल्यासारखं म्हणाली, ‘नावशी?’

धाकटीने सांगितलं असणार तिला, तुझा पहिला शब्द म्हणून. मला कधी वाटलंही नव्हतं की सांगितलं असेल.

हे बघ, माझ्याजवळ काय आहे? चेहरा नाही. आवाज आहे. आयुष्यभर सगळं काम मी आवाजाकडूनच करून घेतलं — हसणं, रागावणं, नमस्कार, चमत्कार, सगळं. आणि त्या क्षणाला तोच बसला.  ती माझ्या चेहऱ्याकडे बघतेय. वाट बघतेय. आणि चेहरा — हा. हाच. जसा तुला मघाशी रागावलेला वाटला तसाच. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण मी नुकतेच थेंब घातलेले, बाटली समोरच होती उघडी. किती वेळ गेला? तुझा-माझा एक श्वास जाईल एवढा. तिला तेवढाच पुष्कळ झाला असेल. तिचे ओठ हलले — तिचे हलतात, सुंदर हलतात — आणि ती म्हणाली, ‘सॉरी. चुकलं माझं.’ कोट उचलला आणि गेली. खुणांसकट.

हात होते गं मला! हात होते की! टेप तिच्याभोवतीच होती जवळजवळ, दोन्ही टोकं माझ्या हातात, नुसतं जवळ ओढायचं होतं. धावायचं होतं. पाय काही लुळे नव्हते माझे. नाही सुचलं. चेहरा कमी पडतो याचा एवढा धसका घेतलेला की बाकीचं सगळं अंग आहे हेच विसरले मी. आवाज आला तेव्हा समोर नुसता रस्ता होता.

संध्याकाळी धाकटीचा फोन. रडत होती. ‘परदेशी चाललीये शिकायला. तुला भेटूनच जाईन म्हणाली. मी सांगितलं होतं तिला, जाऊ नकोस, मावशीला काही वाटायचं नाही. तर मलाच म्हणाली, तू चुकतेयस, आई.’ आणि म्हणाली, ‘तू तिला खोटं पाडलंस.’ ‘मला’ नाही म्हणाली, हं. तिला. मी म्हटलं, नंबर दे तिचा. दिला. धाकटीने दिला, पुष्कळ झालं.

मग मी बोलून पाठवायचं ठरवलं, फोनमध्ये रेकॉर्ड करून. आणि शब्द शोधत बसले. ओठांची अक्षरं नसलेले शब्द, म्हणजे तिला नीट कळेल. करून बघ तू कधी. ‘माफ कर’ — दोन अक्षरं ओठांची, पहिलीच. ‘प्रेम’ — पुन्हा दोन. ‘माया’ गेली, ‘मन’ गेलं, ‘माझी’ गेलं. जे जे लागतं ते सगळं नेमकं ओठांवरच बसवून ठेवलंय आपल्या भाषेने. तीन दिवस लागले. शेवटी काय उरलं माहितीये? ‘चुकले गं, राणी. ये.’ एवढंच पाठवलं. ती तोवर विमानात बसली होती.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. शब्द नाही. तो पिवळा गोल असतो बघ, दोन ठिपके आणि खाली वाकडी रेघ. हसणारा चेहरा. एक.

सात आठवडे झाले, मी बघतेय त्याच्याकडे. हसतोय तो. पण कसला हसतोय? जवळ घेतलं म्हणून, की झालं-गेलं सोडून दिलं म्हणून, की आता पुन्हा काही पाठवू नकोस म्हणून? उलटा धरला, मोठा करून बघितला, आत काय आहे कळतच नाही. आणि एकदम लक्षात आलं — माझ्यासमोर उभ्या राहणाऱ्यांना असंच होत असेल जन्मभर. चेहरा आहे, आणि काही सांगत नाही. धाकटीला त्या दिवशी असंच झालं असेल. तिच्यावरचा माझा राग तिथेच गेला. आणि राग गेल्यावर धरायला काहीच राहिलं नाही, ते एक निराळंच. उलट पाठवायला म्हणून मीही तो तक्ता उघडला, चेहऱ्यांचा. रांगाच्या रांगा! रडणारे, लाजणारे, डोळा मारणारे, गाल फुगवणारे. इतके दिवस एक मिळाला नाही आणि आता हवा तो घ्या. बोट नाही लावलं मी. त्यातला एकही माझा नव्हता.

काय? — दाखवू तुला? नको. ठेव हात खाली. अगं नको म्हणते ना. तू तिच्याच पिढीची, तुला बघताक्षणी कळेल. तू म्हणशील, ‘अहो, हा तर सगळेच पाठवतात, सवयीने, कुणालाही.’ मग मी काय करू? आत्ता निदान कळत नाही. एवढं तरी आहे माझ्याजवळ.

चल, ऊठ. डावा पाय आधी, भिंतीला धर. मागची झिप मी उघडते, टाचण्या आहेत, अंग चोरून काढ. गुरुवारी दुपारनंतर ये. — आणि तू काही बोलू नकोस आता. जा. दार ओढून घे जाताना, वाऱ्याने चिंध्या उडतात.